दुभाष्याचा कान



वसईत कोणालाही संत गोन्सालो गार्सिया हे नाव विचारा, माहीत असतं. गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. वसईची खाडी ओलांडून मुंबईकडे आलात की हे नाव विरळ होऊ लागतं आणि पुढे देशभर तर ते कोणी ऐकलेलंच नसतं. खरं म्हणजे भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत हाच. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद जाहीर केलं. त्यानंतर भारतात जन्मलेल्या पुढच्या व्यक्तीचं, म्हणजे केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांचं नाव त्या यादीत यायला २००८ उजाडलं.

मी मूळचा वसईचा, नोकरी लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये झाली आणि निवृत्तीनंतर महूला राहिलो. तिथल्या एका छोट्या चर्चने गोन्सालो गार्सियांची प्रतिमा करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. वसईचा माणूस, त्यात सॅपर, म्हणजे याला लोखंडही कळत असणार आणि संतही कळत असणार, असा हिशेब झाला असावा. मी शिल्पकार नाही. पूल बांधले आहेत, दोन-तीन युद्धस्मारकांचे आराखडे केले आहेत. एका संताची प्रतिमा उभी करताना नेमकं काय ठरवावं लागतं, हे आज सांगणार आहे.

आधी, महूच्या लोकांना वसईचा संत कशाला हवा? छावणीच्या गावातली वस्ती कशी असते ते लष्करातल्या लोकांना सांगायला नको. रविवारच्या मिस्साला पुढच्या बाकावर झारखंडचं कुटुंब, मागे केरळचं, मग तमिळ, गोव्याचे दोघे, ईशान्येकडचे काही. प्रत्येकाच्या गावाकडचा संत वेगळा. कोणाचा एकाचा आणला की बाकीचे गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं फार बोलकं असतं. आमचे फादर हुशार. ते म्हणाले, इथे कोणाचाच नसलेला, पण इथल्या सगळ्यांना गरज असलेला संत शोधू. गोन्सालो गार्सिया दुभाषे होते. सहा भाषांच्या मंडळींनी एका छपराखाली प्रार्थना करायची, तर दुभाष्याइतका योग्य माणूस कोण?

त्यांची हकिगत थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, वसई पोर्तुगीजांकडे असताना त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यात जेझुइट फादरांकडे शिक्षण. पंधरा-सोळा वर्षांचं वय असताना ते फादरांबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा अशी शिकले, की ती त्यांची स्वतःचीच झाली. पुढे व्यापारात उतरले. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू नव्हते, साधे व्रतस्थ बंधू होते. १५९३ साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाऊतिस्ता यांना वकील म्हणून पाठवलं, तेव्हा सोबत गोन्सालो होते. हिदेयोशी बोलायचा ते यांच्या तोंडून फादरांना कळायचं आणि फादर बोलायचे ते यांच्या तोंडून हिदेयोशीला.

सीमेवरच्या बैठकांमध्ये मी दुभाष्याच्या शेजारी बसलो आहे. त्या कामाची गंमत अशी, की दोन्ही बाजू ज्याच्याशिवाय मुक्या असतात तोच फोटोत कडेला असतो. वाक्य चुकलं तर दोष त्याचा. वाक्य बरोबर असलं आणि ऐकणाऱ्याला झोंबलं, तरी पहिली नजर त्याच्याकडेच जाते. हिदेयोशीच्या दरबारात तर चुकीची किंमत काय असू शकते हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असणार.

१५९६ च्या अखेरीस वारं फिरलं. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं, त्यावरच्या मालावरून आणि स्पेनच्या हेतूंवरून संशय वाढला, आणि हिदेयोशीने ख्रिस्ती मंडळींना पकडायचा हुकूम दिला. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो सौम्य केला आणि डाव्या कानाचा तुकडा कापण्यावर भागवलं. मग क्योटो, ओसाका, साकाई अशी शहरांतून धिंड, आणि नंतर ऐन थंडीत साधारण महिनाभर नागासाकीपर्यंत चाल. निघाले तेव्हा चोवीस जण होते. वाटेत दोघांची भर पडली आणि सव्वीस झाले. त्यात बारा, तेरा, चौदा वर्षांची मुलं होती. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांना बांधलं. खिळे मारले नाहीत, दोऱ्या-साखळ्यांनी जखडलं. मग दोन्ही बाजूंनी भाले, बरगड्यांखालून खांद्यांकडे.

वसईच्या घरांत आणि चर्चमध्ये आम्ही लहानपणापासून पाहिलं ते हेच: फ्रान्सिस्कन झगा, क्रूस आणि छातीपाशी एकमेकांना छेदणारे दोन भाले. चित्रात भाले नसतील तर तो गोन्सालो नाही.

यामागे फार जुनी रीत आहे. चर्चच्या परंपरेत संत ओळखायचा तो त्याच्या हातातल्या वस्तूवरून. पेत्राच्या हातात किल्ल्या. लॉरेन्सच्या हातात लोखंडी जाळी, कारण त्याला तिच्यावर भाजून मारलं. कॅथरीनकडे चाक, बार्थोलोम्यूकडे सुरी, पौलाकडे तलवार, सेबास्तियनच्या अंगात बाण. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही चर्चमध्ये शिरताच कोण कुठे उभा आहे ते कळावं, हा त्यामागचा रोकडा हिशेब. आमच्या रेजिमेंटच्या बिल्ल्यांचं काम तेच. मात्र एक फरक माझ्या ध्यानात फार उशिरा, हा आराखडा करताना आला. फौजेचा बिल्ला आपलं शस्त्र मिरवतो. शत्रूचं शस्त्र छातीवर लावणारी पलटण मी पाहिलेली नाही. संत मात्र ज्याने त्याला मारलं तेच हत्यार हातात धरून शतकानुशतकं उभा असतो. त्याला हत्यार काही करू शकलं नाही, असं त्यातून सांगायचं असतं. सुंदर कल्पना आहे. पण ती माहीत असणाऱ्यालाच सुंदर वाटते.

आमच्या पहिल्याच बैठकीत भाल्यांवरून दोन तट पडले. एक बाजू म्हणे, भाले हवेतच. त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. झगा, कमरेला दोरी आणि डोक्यावर गोल कापलेले केस असलेला माणूस नुसता उभा केला तर लोक त्याला पादुआचा अंतोनी समजून मेणबत्त्या लावतील आणि हरवलेल्या वस्तू मागतील. चिन्ह म्हणजे पत्ता, आणि पत्ता काढून टाकलात तर पत्र भलत्याच घरी जाणार.

दुसऱ्या बाजूला एक बाई होत्या. मूळच्या केरळच्या; त्यांचा मुलगा सैन्यात होता आणि कर्तव्यावर असताना गेला. प्रतिमेचा मोठा खर्च त्याच उचलत होत्या. त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, की माझ्या मुलाबद्दल जो येतो तो शेवटच्या दिवसाचंच विचारतो. तो सिग्नल्समध्ये रेडिओ फार छान दुरुस्त करायचा, हे कोणी विचारत नाही. या माणसाचंही तसंच करणार का?

मी नोकरीत मानपत्रांचे मसुदे लिहिले आहेत. घरच्यांना पाठवायची पत्रंही लिहिली आहेत. त्या पत्रांची भाषा ठरलेली असते आणि ती शेवटच्या काही मिनिटांभोवती फिरते. ते बरोबरही आहे, पदक त्या मिनिटांसाठीच असतं. पण माणूस तेवढाच नसतो. बाईंच्या त्या वाक्यानंतर माझ्यापुरता प्रश्न सरळ झाला. या माणसाला काय केलं गेलं ते दाखवायचं, की हा माणूस काय करत होता ते? आणि दुसरं दाखवताना पहिलं लपवायचं नाही, नाहीतर ती लबाडी होईल.

आपल्या मराठी ख्रिस्ती बोलीत हुतात्म्याला ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता साक्षीदार असा आहे, त्याला रक्त आपण जोडलं. बैठकीत मी हा शब्द हिंदीत समजावून सांगितला तेव्हा झारखंडचे एक निवृत्त सुभेदार म्हणाले, साब, साक्षीदाराचं काम तर ऐकणं आणि सांगणं. दुभाष्याचंही तेच. आराखड्याला इथे पाय फुटले.

नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीला, सव्वीस जणांचं स्मारक उभं राहिलं. शिल्पकार यासुताके फुनाकोशी. ग्रॅनाइटच्या लांब भिंतीवर एका ओळीत सव्वीस ब्राँझच्या आकृती, माणसाच्या उंचीच्या. क्रूस नाहीत. पावलं खाली लोंबतात, टाच कशावर टेकलेली नाही, त्यामुळे ही माणसं टांगलेली आहेत की वर निघाली आहेत हे पाहणाऱ्याने ठरवायचं. मी त्याचे फोटो बैठकीत फिरवले. ज्या जागी भाले खरोखर चालले तिथल्या शिल्पकाराने मरणाचा सगळा सरंजाम बाजूला ठेवला आणि तरी कोणाला शंका येत नाही की हे कोण आहेत. भालेवाल्यांचा आवाज थोडा उतरला.

थोडाच. कारण नागासाकीच्या टेकडीला पत्त्याची गरज नाही. महूला आहे.

चर्चचे नियम काय सांगतात तेही फादरांकडून समजून घेतलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या दस्तऐवजात म्हटलं आहे, की चर्चने कलेची कुठलीही एक शैली आपली म्हणून ठरवलेली नाही. प्रत्येक काळाची आणि लोकांची शैली चालेल, मात्र उपासनेला साजेशी हवी. प्रतिमांची संख्या बेताची असावी आणि एका संताची सहसा एकच प्रतिमा असावी. ऐकणाऱ्या हिंदू मित्रांसाठी एक खुलासा. आमच्याकडे मूर्तीत प्राणप्रतिष्ठा नसते. फादर आशीर्वाद देतात, आणि प्रतिमेला दिलेला मान जिची ती प्रतिमा त्या व्यक्तीला पोचतो, असं सन ७८७ च्या निकेया परिषदेने ठरवून दिलं. वसईत आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे मला यात फारसा अडथळा कधी वाटला नाही, हे आपलं जाता जाता.

तर आराखडा. सात फूट उंचीचा, सहा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यातून कापलेला उभा माणूस. जवळजवळ सावलीसारखा. चेहरा नाही. याला दोन कारणं. त्यांचं हयातीत काढलेलं चित्र आपल्याकडे नाही. प्रचलित मूर्तींमधला चेहरा सरसकट युरोपी असतो, आणि आईकडून आलेला चेहरा त्यात कुठे दिसत नाही. मी आईचा चेहरा काढला असता तर तोही अंदाजच ठरला असता. रिकामा ठेवणं जास्त प्रामाणिक.

हात दोन. उजवा पुढे, तळवा वर, काहीतरी समोरच्याच्या हातात द्यावं तसा. डावा कानाशी नेलेला, नीट ऐकू यावं म्हणून आपण नेतो तसा. आणि तो हात जिथे पोचतो तिथे डोक्याची गोलाई सरळ रेषेत छाटलेली. कान तिथे नाही. ऐकण्यावर ज्याचं पोट आणि धर्म दोन्ही चालत होतं, त्याचा कान कापला, आणि तरी हात ऐकण्यासाठी तिथे गेलेला आहे. निघालेल्या चोवीसही जणांचा प्रवास जखमी कानाने सुरू झाला होता. पण दुभाष्याच्या बाबतीत त्या जखमेला वेगळं वजन येतं. हा या प्रतिमेचा पत्ता. अंतोनीशी गल्लत होणार नाही.

कमरेला दोरी, तीन गाठींची. फ्रान्सिस्कन मंडळींची ही खूण: गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. ती पितळेची, वेगळी ओतून बसवलेली, म्हणजे हात लावणाऱ्यांच्या बोटांनी ती उजळत राहील. तिसऱ्या गाठीबद्दल मी फादरांना म्हटलं, आज्ञापालनाचं आम्हाला शिकवू नका. ते हसले.

आणि भाले? छातीच्या पत्र्यात दोन तिरक्या फटी, एकमेकींना छेदणाऱ्या, बरगड्यांपासून खांद्यांपर्यंत. भाला नाही, पण भाला गेला त्या वाटा आहेत आणि त्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. दोन्ही तटांना हे पटायला एक रविवार लागला. बाईंनी विचारलं, हे त्याला दुखत असल्यासारखं दिसणार नाही ना? मी म्हटलं, तुम्हीच बघा. मी पूर्ण मापाचा नमुना प्लायवुडचा करून पोर्चमध्ये उभा केला होता. फौजेत हल्ल्याआधी जमिनीवर सँड मॉडेल करतात, प्रत्येकाने आपली जागा डोळ्यांनी पाहावी म्हणून. कागदावर सगळ्यांचं एकमत पटकन होतं, पण खरी शंका निघते ती मॉडेलभोवती उभं राहिल्यावर. नमुना तीन रविवार तिथे ठेवला आणि मी लांब बसून लोक कुठे थांबतात ते पाहिलं. बहुतेक जण डाव्या बाजूला थांबत. कान शोधत.

फटींचा हिशेब मात्र माझ्या आवडीचा होता. पोर्च पूर्वेला उघडा आहे. ५ फेब्रुवारीला सकाळी नऊला महूमध्ये सूर्य क्षितिजापासून साधारण चोवीस अंशांवर असतो आणि नेमक्या पूर्वेपासून सुमारे तीस अंश दक्षिणेला. छातीच्या, म्हणजे जमिनीपासून दीड मीटर उंचीच्या फटींतून आलेला उजेड त्या वेळी साधारण अकरा फुटांवर पडतो. तो दाराच्या आत, मधल्या वाटेवर पडावा म्हणून प्रतिमा दाराला समांतर न ठेवता वळवावी लागली. दुसरी अडचण फटीच्या रुंदीची. सूर्य बिंदू नाही, चकती आहे, त्यामुळे कवडसा दर मीटरमागे साधारण नऊ मिलिमीटर पसरतो. इतक्या अंतरावर एक सेंटिमीटरच्या फटीचा नुसता पुसट डाग दिसेल. रेघ उमटायला चार सेंटिमीटर लागतात. इतक्या रुंद फटी पडल्यावर पत्रा वाऱ्यात थरथरू नये म्हणून मागून दोन पट्ट्या वेल्ड केल्या. जूनमध्ये हा कवडसा भलतीकडे जाईल आणि पावसाळ्यात दिसणारच नाही. चालेल. त्यांचा दिवस फेब्रुवारीत आहे.

यावरही एक हरकत आली. आत येणाऱ्यांचे पाय त्या खुणेवर पडतील, ते बरं नव्हे. सुभेदारांनी ती परस्पर निकालात काढली. म्हणाले, तुम्ही पाय ठेवलात की ती तुमच्या पायावर येते, खाली राहतच नाही.

पत्रा जवळच पिथमपूरच्या औद्योगिक भागात लेझरवर कापून घेतला. वजन साधारण साठ किलो. फौजी मंडळींना आधी मोठं, जड काही हवं होतं, पण पोर्चची फरशी आणि आमची ऐपत दोन्ही पाहता हे पुरे झालं. खालचा चौथरा काळ्या दगडाचा. माळव्याचा काळा दगड आणि कोकणातला काळा दगड एकाच लाव्हाचे. वसईत मी ज्या खडकावर खेळलो त्याच जातीचा खडक सह्याद्रीवरून इथपर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे गोन्सालोंसाठी वसईहून दगड आणावा ही एका उत्साही गृहस्थांची सूचना मी ट्रकभाड्यासकट वाचवली.

पॉलिश करायचं नाही असं ठरलं. आरशासारख्या स्टीलमध्ये माणूस स्वतःचे केस नीट करतो. पृष्ठभाग बारीक घासून मंद ठेवला आहे. बाईंच्या मुलाचं नाव कुठे कोरायचं, असं फादरांनी त्यांना विचारलं. त्यांनी नको म्हटलं. मात्र वेल्डिंगच्या दिवशी त्या कारखान्यात आल्या, मागच्या पट्ट्या कशा बसतात ते बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि सांधा कुठे पक्का झालेला नाही ते वेल्डरला दाखवून दिलं. मुलाच्या रेडिओशेजारी बसून सोल्डरिंग पाहिलेलं होतं त्यांनी.

आता राहिली पाटी. पाटीवर काय लिहायचं यावर वाद झाला नाही: नाव, वसई, नागासाकी, ५ फेब्रुवारी १५९७, आणि एक शब्द, दुभाषा. कोणत्या भाषेत लिहायचं, इथे गाडी अडली. फादर म्हणाले हिंदी पुरे. मग मल्याळम आलं, तमिळ आलं, झारखंडच्या मंडळींनी कुडुख मागितली, मी मराठीसाठी हात वर केला, आणि एका शाळकरी मुलीने विचारलं, की त्याची भाषा तर जपानी ना? नऊ इंच बाय बाराची पाटी करायला दिली होती. ती परत मागवली आहे. आता दोन फूट बाय तीनची करायला टाकली आहे, आणि जपानी अक्षरं कोण नीट तपासून देईल त्या माणसाच्या शोधात मी आहे. तुमच्यापैकी कोणी असेल तर कळवा.